प्रकाशाची आणेवारी

फ्रान्समधील छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६ आणि १८५७ या वर्षांत नॉर्मंडीच्या व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर जी सागरचित्रे काढली, ती लंडन-पॅरिसच्या रसिकांनी डोक्यावर घेतली, याला लाटांच्या सौंदर्याइतकेच दुसरेही एक कारण होते. ढगांनी भरलेले आकाश आणि उसळणारे पाणी ही दोन्ही एकाच कागदावर सुस्पष्ट उमटलेली पाहण्याचा योग तोवर फार थोड्यांना आला होता. त्या काळच्या कोलोडियनच्या काचेवरील रसायन निळ्या प्रकाशाला अतोनात आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ मुळीच दाद देत नसे, त्यामुळे जमीन किंवा समुद्र नीट उमटेल इतका वेळ काच उघडी ठेवली की आकाशाच्या जागी कोरा पांढरा कागद उरे, आणि आकाशापुरताच वेळ दिला की खालचे सारे काळोखात बुडून जाई. सेत बंदरातील मोठ्या लाटेच्या चित्रासाठी ल ग्रेने दोन निगेटिव्ह वापरल्या, एक आकाशाची आणि एक पाण्याची, आणि क्षितिजाच्या रेषेवर त्यांचा सांधा असा बेमालूम जुळवला की तो शोधायला आजही नजर बारीक करावी लागते. दोन वेगळ्या क्षणांचे प्रकाश एका कागदावर आणणारे हे चित्र खरे की खोटे, अशी शंका तेव्हाही काहींनी काढली; परंतु डोळ्यांना जे एकत्र दिसते ते कागदावर एकत्र येत नसेल, तर लबाडी कागदाची म्हणायची की कारागिराची, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

घरोघरी संगणकावर, दूरचित्रवाणी-संचावर किंवा भिंतीवर चित्र टाकणाऱ्या प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवणारी प्लेअर नावाची जी सॉफ्टवेअरे आज आहेत, त्यांच्यापुढे अडचण हीच आहे. मात्र ल ग्रेपुढे एक चित्र होते, आणि यांच्यापुढे सेकंदाला चोवीस चित्रे येऊन उभी राहतात व प्रत्येकाचा निकाल दुसरे येण्याच्या आत लावावा लागतो. एचडीआर, म्हणजे उजेड-काळोखाचा विस्तृत पल्ला नोंदणाऱ्या पद्धतीने सिद्ध झालेल्या चित्रपटात एखाद्या ठिणगीची तेजस्विता हजार, चार हजार, क्वचित त्याहूनही अधिक निट अशी नोंदलेली असते (एका चौरस मीटर पृष्ठभागाला एक कँडेला, हे निटाचे माप), आणि ती दाखवणारा पडदा बहुधा शंभर, तीनशे, फार तर सहाशे निटांचा असतो. घरातल्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर तर शंभर निट उतरले तरी नशीब समजावे. मोठ्या मापाचे तेज लहान मापात बसवताना कशाला कात्री लावावी आणि कशाला हात लावू नये हे ठरवण्याच्या क्रियेला टोन मॅपिंग म्हणतात, आणि तो निर्णय सबंध चित्रपटासाठी एकदाच न घेता प्रसंगागणिक किंवा फ्रेमगणिक घेणे, याला डायनॅमिक टोन मॅपिंग असे नाव पडले आहे. विद्या नवी दिसते, पण तिची वंशावळ दीडशे वर्षांहून जुनी आहे. आणि ती वंशावळ चाळताना प्रस्तुत लेखकाला असे आढळले की दर पिढीत भांडण एकच होते, ते हे की छटांचा निवाडा समोरचे चित्र प्रत्यक्ष पाहून करावा, की आधी ठरवून ठेवलेल्या नियमावर आणि कागदोपत्री नोंदीवर भिस्त ठेवून करावा.

नियमाच्या बाजूने पहिली भक्कम साक्ष इंग्लंडातील विड्नेस या रसायनांच्या कारखान्यांनी काळवंडलेल्या गावातून आली. तेथील अल्कलीच्या कारखान्यात फर्डिनांड हर्टर हा मूळचा स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा इंग्रज अभियंता नोकरीस होते. छायाचित्रण हा ड्रिफील्डचा फावल्या वेळचा छंद, आणि जी गोष्ट मोजता येते ती अंदाजाने करण्याचा दोघांनाही मनापासून तिटकारा. काचेवर किती प्रकाश पडला असता किती काळेपणा येतो याचे मोजमाप त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने केले आणि १८९० साली ते प्रसिद्ध केले. प्रकाशाच्या राशीचा लॉगॅरिथम आडव्या अक्षावर आणि काळेपणाचे माप उभ्या अक्षावर मांडले असता जी वक्ररेषा निघते, ती खाली पायथ्याशी हळूहळू उचलते, मध्ये सरळ चढते आणि वर खांद्याशी पुन्हा वाकून सपाट होते. या नागमोडी रेषेतच पुढच्या सगळ्या कथेचे बीज आहे, कारण खांद्यापाशी येणारे तेज एकदम तुटत नाही, ते सावकाश दाटते; आणि फिल्मवरील उन्हाचे कवडसे डोळ्यांना सुसह्य वाटतात ते त्या वाकण्यामुळे. एकदा काचेवर प्रकाश पडून गेला की विकासकात कितीही करामती केल्या तरी छटांची परस्पर प्रमाणे बदलत नाहीत, असाही या दोघांचा आग्रह होता, आणि तो कलावंत म्हणवणाऱ्या छायाचित्रकारांना चांगलाच झोंबला. छायाचित्रण ही निसर्गाच्या जवळ जाणारी कला आहे असे हिरिरीने मांडणाऱ्या पीटर हेन्री एमर्सनने तर त्यानंतर थोड्याच काळात आपल्याच मताचे श्राद्ध घालणारी, काळ्या किनारीची पुस्तिका छापली. छटांवर कलावंताचा अंमल चालत नसेल तर ही कला कसली, असा त्याच्या वैतागाचा आशय होता. दोन कारखानदारी नोकरांनी काढलेल्या एका रेषेने एका अभिमानी माणसाला इतके हतबल करावे, ही घटना मला त्या रेषेहूनही अधिक उद्बोधक वाटते.

एमर्सन हताश झाला खरा, पण डार्करूममधील माणसे झाली नाहीत. छापाच्या कागदावर अगदी काळ्या आणि अगदी पांढऱ्या भागांतील तेजाचे प्रमाण शंभरास एक इतकेच काय ते असते, आणि उन्हातल्या देखाव्यात ते हजारांच्या घरात जाते. तेव्हा एन्लार्जरखाली कागद असताना चेहऱ्यावर पडणारा प्रकाश तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने काही सेकंद अडवायचा म्हणजे चेहरा उजळ राहतो, आणि पुठ्ठ्यातील भोकातून आकाशाच्या कोपऱ्यावर जास्त वेळ प्रकाश सोडायचा म्हणजे ढग भरून येतात, ही हातोटी जगभरच्या स्टुडिओंत मामूल होऊन बसली. पुठ्ठा सतत हलता ठेवावा लागे, नाहीतर त्याची कडा कागदावर उमटून सारी चोरी उघडी पडे. नियम आणि हात यांची दिलजमाई घडवण्याचे श्रेय अमेरिकेतील अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्याकडे जाते. १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजल्सच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना त्यांनी झोन पद्धती बसवली, तीत शून्यापासून दहापर्यंत छटांचे क्रमवार विभाग कल्पून, समोरच्या देखाव्यातील कोणती गोष्ट कोणत्या विभागात पडावी हे छायाचित्रकाराने कळ दाबण्यापूर्वीच ठरवावे अशी तजवीज होती. पाचवा विभाग म्हणजे मधला करडा, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा. हर्टर-ड्रिफील्डची रेषा येथे कलावंताची बेडी राहिली नाही, ती त्याच्या हातातले माप झाली.

संगणकाच्या दुनियेत हा प्रश्न वेगळ्याच दाराने शिरला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्डने इमारतींतील उजेडाचा हिशेब करणारी रेडियन्स नावाची प्रणाली रचली. खिडकीतून येणारे ऊन आणि टेबलाखालची सावली ही दोन्ही ती खऱ्या भौतिक मापांत सांगत असे, परंतु ते आकडे दाखवण्याची वेळ आली की त्या काळचा काचेचा पडदा हात टेकी. १९९३ मध्ये जॅक टम्बलिन आणि हॉली रशमायर यांनी असा विचार मांडला की पडद्याने देखाव्याच्या तेजाची नक्कल करण्याचा अट्टाहास सोडावा, आणि देखाव्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला जितके उजळ वाटेल तितकेच पडद्यापुढे बसलेल्या माणसाला वाटेल एवढे पाहावे. १९९७ मध्ये वॉर्डने, रशमायर व क्रिस्टीन पिआट्को यांच्यासह, चित्रातील तेजाचा हिस्टोग्राम काढून, म्हणजे कोणत्या तेजाचे किती बिंदू आहेत याची मोजदाद करून, ज्या पट्ट्यात बिंदूंची गर्दी आहे त्याला पडद्यावर जास्त जागा आणि ओसाड पट्ट्याला कमी, अशी वाटणी सुचवली. आजच्या प्लेअरमध्ये जी मोजणी चालते तिचा हा निकटचा पूर्वज होय.

त्यानंतरचे महत्त्वाचे वर्ष २००२. त्या वर्षी सॅन अँटोनिओ येथे भरलेल्या सिग्राफ या संगणकीय चित्रांच्या परिषदेत या एकाच विषयावर कित्येक निबंध आले, आणि त्यांपैकी एरिक राइनहार्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी सरळ अॅडम्सच्या डार्करूमचा रस्ता धरला. चित्रातील सरासरी तेज काढून ते मधल्या करड्यावर आणून बसवायचे, मग प्रत्येक बिंदूच्या तेजाला त्याच तेजात एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागायचे. लहान संख्या यात जवळजवळ जशाच्या तशा राहतात, मोठ्या संख्या एकाच्या जवळजवळ जातात पण एकाला कधी पोहोचत नाहीत, आणि पाहता पाहता फिल्मचा खांदा तयार होतो. पुठ्ठा हलवणाऱ्या हाताचीही त्यांनी आठवण ठेवली आणि चित्राचा एकेक भाग त्याच्या शेजारपाजाराच्या मानाने उजळण्या-दडपण्याची स्वयंचलित रीत दिली. शाळकरी मुलालाही करता यावा असा हा भागाकार पुढे इतका पसरला की कोणत्याही प्लेअरच्या यादीत राइनहार्डचे नाव आज आढळते. त्याच्या शेजारी दुसरे नाव असते हेबल याचे: जॉन हेबलने अनचार्टेड २ या खेळासाठी फिल्मच्या पायथ्याची आणि खांद्याची नक्कल करणारी रेषा वापरली आणि २०१० मध्ये खेळ रचणाऱ्यांच्या परिषदेत तिचे विवरण केले. विड्नेसची वक्ररेषा अशा रीतीने रसायनातून खेळात आणि खेळातून चित्रपटाच्या प्लेअरमध्ये येऊन पोहोचली.

या सर्व खटाटोपात काळाचा विचार मात्र उशिराच झाला. सुमंत पट्टनाईक आणि सहकाऱ्यांनी २००० साली, उजेडातून अंधारात जाताना डोळ्याला जुळवून घ्यायला लागणारा वेळ हिशेबात घेणारी पद्धत सुचवली होती. परंतु बहुतेकांनी एका स्थिर चित्रापुरतीच दृष्टी ठेवली, आणि त्यांची सूत्रे चलच्चित्रावर फ्रेमगणिक लावू जाताच भिंती लुकलुकू लागल्या. कोपऱ्यातून पांढरा सदरा घातलेला माणूस आत आला की साऱ्या खोलीची सरासरी बदलते, सूत्र नेकीने आपले काम करते आणि खोली एकदम मंदावते. माणूस बाहेर गेला की ती पुन्हा उजळते. स्थिर चित्रावर ज्या पद्धती नावाजल्या गेल्या, त्यांतील अनेक चलच्चित्रावर अशा रीतीने नापास झाल्या.

तिकडे दूरचित्रवाणीचा कारभार कित्येक दशके शंभर निटांवर चालला होता, कारण रंगसंस्कार करणाऱ्या स्टुडिओतील जुन्या नळीच्या मॉनिटरवर पांढऱ्या रंगाचे तेवढेच तेज गृहीत धरलेले असे, आणि चित्रपटगृहाच्या पडद्यावर तर त्याच्याही निम्मे, ४८ निट. हे मान मोडण्याची हिंमत कॅनडातील व्हँकूवरच्या ब्राइटसाइड या संस्थेने केली. २००४ मध्ये तिच्या लोकांनी पडद्यामागे भाग पाडून स्वतंत्रपणे उजळणारे दिवे बसवलेला संच सिग्राफमध्ये मांडला, आणि २००७ मध्ये डॉल्बीने ती संस्थाच विकत घेतली. डॉल्बीच्या शास्त्रज्ञांनी, डोळ्याला दोन छटांतील फरक कोठे कळतो आणि कोठे कळत नाही याचे पीटर बार्टेन या डच संशोधकाने बसवलेले गणित हाताशी घेऊन, शून्यापासून १०,००० निटांपर्यंतचे तेज अंकांत लिहिण्याची पीक्यू ही लिपी तयार केली, आणि २०१४ मध्ये तिला एसटी २०८४ या क्रमांकाने प्रमाण दर्जा मिळाला. या लिपीचा एक विशेष मोठा मार्मिक आहे: शंभर निटांपर्यंतचा जुना मुलूख तिच्या एकूण पल्ल्याचा निम्मा भाग व्यापतो, हजार निट पाऊण पल्ल्यावर येतात, आणि उरलेल्या पाव भागात हजारापासून दहा हजारांपर्यंतचे सारे वैभव मावते. डोळा हा उजेडाच्या श्रीमंतीने फारसा दिपत नाही आणि काळोखातल्या दमडी-दमडीचा हिशेब ठेवतो, हे त्या लिपीला पक्के ठाऊक आहे.

एवढी उत्तम लिपी हाती असताना घोटाळा झाला तो दप्तराचा. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या आणि पुढल्या वर्षी बाजारात आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकड्यांतून घराघरांत पोहोचलेल्या एचडीआर-१० या पद्धतीत चित्रपटाबरोबर एक छोटा दाखला जोडलेला असतो. त्यात ज्या मॉनिटरवर रंगसंस्कार झाला त्याची कमाल व किमान तेजस्विता, आणि सबंध चित्रपटातील सर्वांत तेजस्वी बिंदूचे तसेच सर्वांत उजळ फ्रेमच्या सरासरीचे माप, एवढ्याच नोंदी. म्हणजे दाखल्याचा अर्धा भाग चित्र ज्या खोलीत बनले त्या खोलीचे वर्णन करतो आणि उरलेला अर्धा एका क्षणाचे. दोन तासांच्या चित्रपटात कोठे काय आहे याविषयी तो मौन बाळगतो. कित्येक तबकड्यांवर तर या नोंदींच्या जागी शून्ये भरलेली आढळतात. अशा दाखल्यावर विसंबून आवळण्याची वक्ररेषा एकदाच ठरवणे म्हणजे तालुक्यातील सर्वांत सुपीक वावरातील पीक पाहून साऱ्या तालुक्याचा सारा ठरवणे होय. एका स्फोटाच्या चार हजार निटांसाठी जागा राखून ठेवायची म्हणून दीड तासाच्या मेणबत्तीच्या उजेडातील संभाषणाला मंद होऊन राहावे लागते, आणि तो स्फोट मात्र सबंध चित्रपटात दोन सेकंद टिकतो. गावोगावची आणेवारी दर हंगामाला वेगळी काढायची असते, ही गोष्ट आपल्याकडच्या कुळकर्ण्याला जितकी स्वयंसिद्ध होती, तितकी ती या प्रमाणांच्या समित्यांना प्रथमतः वाटली नसावी.

ती वाटली नव्हती असे म्हणणेही पूर्ण न्यायाचे होणार नाही, कारण डॉल्बी व्हिजन या २०१४ मध्ये पुढे आलेल्या पद्धतीत प्रसंगागणिक नोंदी देण्याची तरतूद होती, २०१६ मध्ये एसटी २०९४ हे तशा नोंदींचे प्रमाणही झाले, आणि २०१७ मध्ये सॅमसंग व अॅमेझॉन यांनी एचडीआर-१० प्लस या नावाने आपली सनद काढली. परंतु सनदा वेगवेगळ्या, परवाने वेगवेगळे. एकाच्या संचावर दुसऱ्याची नोंद वाचली जाईना, आणि साध्या एचडीआर-१० मध्ये आधीच निघालेल्या चित्रपटांना तर कोणतीच नोंद नव्हती. दप्तर असे अपुरे आणि विस्कळीत असताना, काही प्लेअर रचणाऱ्यांनी दाखल्याचा नाद सोडून प्रत्यक्ष पाहणी करण्याचा मार्ग धरला, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत समंजस पाऊल हेच होय.

दोन नावे येथे घेतली पाहिजेत. विंडोजवर चालणारा मॅडव्हीआर हा चित्र रंगवणारा घटक प्रोजेक्टरच्या शौकिनांत विशेष प्रिय होता. त्याने प्रत्येक फ्रेममधील कमाल तेज स्वतः मोजून त्याप्रमाणे रेषा बदलण्याची सोय केली, शिवाय चित्रपट आधी एकदा सबंध मोजून त्या मापांची वही शेजारी ठेवण्याचीही मुभा दिली. दुसरा एमपीव्ही, कोणालाही आतील रचना पाहता-बदलता येईल असा खुला प्लेअर. त्यात आरंभी नुसती रेषांची यादी होती, राइनहार्ड, हेबल, मोबियस आणि शेवटी निव्वळ छाटणी, आणि कोणती रेषा चांगली यावर शौकिनांत घनघोर वाद चालत. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.२३९० या अहवालातील रेषा आली, जी पीक्यू लिपीतच काम करते, एका ठरावीक गुडघ्यापर्यंत तेजाला मुळीच हात लावत नाही आणि तेथून पुढे ते अलगद वाकवते. पण रेषा कितीही सुबक असली तरी तिला आरंभी एक आकडा सांगावा लागतो, तो म्हणजे या चित्राचे शिखर कोठे आहे. आणि खरी सुधारणा झाली ती रेषेत झाली त्याहून अधिक या आकड्याच्या शोधात. एमपीव्हीतील ही विद्या पुढे लिबप्लासिबो नावाच्या स्वतंत्र सॉफ्टवेअर-लायब्ररीत मांडली गेली, आणि आज व्हीएलसी हा प्लेअर आणि एफएफएमपेग हे चित्रफिती हाताळणारे साधन रचणाऱ्या मंडळींनाही तिचा उपयोग होतो.

या शोधाचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेममधील लक्षावधी बिंदूंची तेजे पीक्यू लिपीत वाचते, त्यांचा हिस्टोग्राम भरते, सरासरी आणि शिखर काढते. आता समजा काळोख्या गुहेत एकजण मशाल घेऊन शिरतो. शिखराचा आकडा एका फ्रेममध्ये पन्नास निटांवरून आठशेवर गेला, आणि प्लेअरने तो तत्काळ मान्य केला, तर गुहेच्या भिंती डोळ्यांदेखत काळवंडतील व प्रेक्षकाला कोणीतरी दिवा मालवला असे वाटेल. म्हणून नवा आकडा जुन्या आकड्यांच्या वाहत्या सरासरीत मुरवला जातो. परंतु मुरवण्याला वेळ लागतो, आणि दिग्दर्शकाने गुहेतून एकदम भर दुपारच्या वाळवंटात कट घेतला असेल तर जुनी सरासरी घेऊन बसलेला प्लेअर पहिले काही क्षण वाळवंट करपवून दाखवील. या पेचातून काढलेली वाट अशी: चालू फ्रेम आणि वाहती सरासरी यांतील अंतर एका लहान मर्यादेच्या आत असेल तर सावकाशीने जुळवून घ्यायचे, मोठ्या मर्यादेच्या बाहेर गेले तर प्रसंग बदलला असे समजून मागचे सारे विसरायचे, आणि मधल्या पट्ट्यात अंतराच्या मानाने घाई वाढवीत न्यायची. एमपीव्हीत या दोन मर्यादा आज पीक्यू पल्ल्याच्या एक आणि तीन टक्के इतक्या आहेत, आणि मुरवण्याचा वेग ठरवणारा जो आकडा पूर्वी शंभर होता तो आता वीस आहे. पूर्वी प्लेअर डोळ्याप्रमाणे हळूहळू सरावतो असे वाटे आणि कित्येकांना ते आवडेही. पण सरावण्याचे काम प्रेक्षकाचा डोळा आधीच करीत असतो, त्यावर यंत्राचे सरावणे चढवले की एकाच गोष्टीचा दोनदा हिशेब होतो, म्हणून ती आवड मला कधी समजली नाही.

याहून नाजूक अडचण वेळेची आहे. मोजणी पुरी होईतो फ्रेम थांबवायची, की मागच्या फ्रेमचे माप लावून ती पुढे ढकलायची? दुसरा मार्ग ग्राफिक्स कार्डाला सोपा जातो, परंतु कटनंतरची पहिली फ्रेम परक्या मापाने छापली जाते आणि सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरता एक लुकलुकाट राहून जातो. चित्रपट आधी मोजून ठेवणाऱ्या मॅडव्हीआरच्या वहीला ही अडचण नाही, कारण पुढे काय येणार हे तिला ठाऊक असते. मात्र त्यासाठी पाहण्यापूर्वी सबंध चित्रपट यंत्राला एकदा वाचायला द्यावा लागतो, आणि इतका धीर असणारे शौकीन थोडेच.

रंगाचे प्रकरण थोडक्यात सांगतो. तांबडा, हिरवा, निळा या तिन्ही घटकांवर रेषा स्वतंत्रपणे चालवली तर ज्वालेतील तांबडा आधी खांद्याला पोहोचून थांबतो, हिरवा मागून चढत राहतो, आणि नारिंगी आग पिवळी होऊन बसते. म्हणून आताच्या पद्धती तेज आणि रंग वेगळे काढून तेजाला आवळतात आणि रंगाची छटा शक्यतो ढळू देत नाहीत. आश्चर्य असे की फिल्मच्या पडद्यावर पिवळी आग पाहण्याची सवय झालेल्या काही प्रेक्षकांना ही बिनचूक नारिंगी आग उलट निस्तेज वाटते.

सरासरीचाही उपयोग पुढे वाढला. लिबप्लासिबोतील अलीकडची रेषा शिखराबरोबर प्रसंगाची सरासरीही विचारात घेते आणि वाकण्याची जागा तिच्यानुसार सरकवते, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात काळोखाला आणि बर्फाच्या प्रसंगात उजेडाला अधिक जागा मिळते. वॉर्डच्या १९९७ मधील वाटणीचे तत्त्व येथे पुन्हा डोके वर काढते. आवळण्यात दबून गेलेला बारीक तपशील, कापडाची वीण किंवा ढगाची कडा, वेगळा काढून परत मिसळण्याचीही सोय झाली आहे, आणि ती प्रमाणात वापरली तर डार्करूममधल्या पुठ्ठ्याची आठवण होते. प्रमाण सुटले तर मात्र पुठ्ठ्याची कडा कागदावर उमटावी तसे प्रत्येक वस्तूभोवती तेजोवलय दिसू लागते. रंगसंस्कार करणाऱ्या कलावंतांचा एक आक्षेप येथे रास्तच आहे: मी ती खोली मंद ठेवली ती जाणूनबुजून, तुमच्या यंत्राने तिची पाहणी करून ती उजळण्याचा तुम्हाला अधिकार कोणी दिला? त्याला प्लेअरवाल्यांकडून एवढेच म्हणता येते की शंभर निटांच्या पडद्यावर ती खोली तुमच्या मनासारखी मंद कधीच राहणार नव्हती. ती एकतर उजळेल किंवा नाहीशी होईल, आणि यांतील एक कोणीतरी निवडायचेच आहे.

अगदी अलीकडचा वाद तर काहीशे बिंदूंवरून चालला आहे. शिखर म्हणजे फ्रेममधील सर्वांत तेजस्वी बिंदू, ही व्याख्या सरळ दिसते, पण बंदुकीच्या नळीवरची एक चमक किंवा पाण्यावरचा एक कवडसा ते शिखर इतके उंच नेतो की बाकी चित्राला त्याचा भुर्दंड पडतो. म्हणून हिस्टोग्रामच्या टोकाचे अगदी थोडे बिंदू मोजणीतून वगळण्याची सोय निघाली. एमपीव्हीत मूळ मोजणी पूर्ण शंभर टक्क्यांची असली तरी उच्च दर्जाच्या जुळणीत ती ९९.९९५ टक्क्यांवर थांबते. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या फ्रेममध्ये हे वगळलेले बिंदू सुमारे ४१५ भरतात. बंदुकीची चमक त्यांत सहज मावते आणि तिच्या छाटणीची कोणी दखल घेत नाही. पण रात्रीच्या आकाशातील तारेही त्यांतच मोडतात, आणि ज्यांना अवकाशातील चित्रपट पाहण्याचा नाद आहे ते जुळणीच्या फायलीत जाऊन हा आकडा पुन्हा शंभर करून ठेवतात.